छातीचा चौथा भाग अधिक दीड इंच

१९ नोव्हेंबर २०२३ च्या रविवारी चर्चमध्ये उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी सूचना वाचून दाखवल्या. त्यांतली शेवटची सूचना अशी होती की अल्पसंख्याक समाजातील गरजू स्त्रियांसाठी तालुक्याच्या गावी शिवणकामाचा सहा महिन्यांचा सरकारी अनुदानावरचा वर्ग सुरू होणार आहे, तरी इच्छुकांनी महिला मंडळाकडे नावे द्यावीत. मी मागच्या बाकावर बसून मुलीच्या फीचा हिशेब मनातल्या मनात करत होते. ज्या विनाअनुदानित शाळेत मी अकरा वर्षे मराठी शिकवले, ती त्याच वर्षी जूनमध्ये पटसंख्येअभावी बंद पडली होती, आणि उसाच्या वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवणारे माझे यजमान कंबरेच्या दुखण्यामुळे वर्षभर घरी होते. नाव द्यायला गेले तेव्हा मंडळातल्या एका मावशींनी विचारले, "तू बी. ए. झालेली, तुला कशाला गं शिवण?" मला उत्तर सुचले नाही. नाव मात्र लिहिले.

या गोष्टीला आता दोन वर्षे होतील. मधल्या काळात वर्ग झाला, परीक्षा झाली, प्रमाणपत्र आले, विश्वकर्मा योजनेतले मशीन आले आणि घराच्या पडवीत माझे शिवणकामही सुरू झाले. पण आधी कुणी सांगितले असते तर वाचला असता असा पुष्कळ वेळ आणि थोडा पैसा वाया गेला. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, आणखी काही जणी या वर्षी नावे देणार आहेत आणि त्या फोनवर तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून सगळे तारखांसकट एकदाच लिहून ठेवते आहे.

पहिला अडथळा कागदांचा होता, आणि तो नीट कळावा म्हणून थोडे मागचे सांगावे लागेल. आमचे गाव राहुरी आणि नगर यांच्या मधले. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आले, आणि पुढच्या शंभर वर्षांत आसपासच्या गावांतली जी कुटुंबे ख्रिस्ती झाली, त्यांतली बरीचशी महार आणि मांग समाजांतली होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती व्यक्तीला मिळत नाहीत. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरले जाते, आणि अल्पसंख्याक म्हणून असलेल्या योजना त्याहून वेगळ्या. हे कायद्याच्या पुस्तकात सरळ दिसते, पण प्रत्यक्षात एकाच घरात आजीच्या दाखल्यावर एक, वडिलांच्या दाखल्यावर दुसरे आणि मुलीच्या दाखल्यावर तिसरे लिहिलेले असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी जे विचारले आणि घरच्यांनी जे सांगितले ते कायमचे झाले.

अर्जाबरोबर आधार कार्ड, शिधापत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, बँकेचे पासबुक, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, दोन छायाचित्रे आणि "अल्पसंख्याक असल्याचा पुरावा" मागितला होता. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आधी तलाठ्याचा अहवाल लागतो, तलाठी आमच्याकडे तीन गावांचे मिळून एकच, आणि ते मंगळवारी व शुक्रवारीच भेटत. दाखला पंधरा दिवसांत मिळायला हवा होता, मला तेवीस दिवस लागले. पावतीवर ३३ रुपये ६० पैसे छापले होते आणि सेवा केंद्राच्या चालकाने १०० घेतले. मी पावती मागितली म्हणून निदान हा फरक कळला. पावती मागायला लाजू नये.

वर्गासाठी नाव दिलेल्या आम्ही वीस जणी. त्यांत लिहिता-वाचता नीट येणाऱ्या सात-आठ, आणि अर्ज भरण्याची सवय असलेली मी एकटी. त्यामुळे डिसेंबरचे पहिले दोन आठवडे चर्चच्या व्हरांड्यात मी सगळ्यांचे अर्ज भरत बसले. अर्जात "धर्म" आणि "प्रवर्ग" असे दोन रकाने होते आणि तिथे येऊन प्रत्येकीचा आवाज खाली जाई. माझ्या दाखल्यावर "ख्रिश्चन" असे स्पष्ट आहे, त्यामुळे मला काही अडले नाही. तिघींच्या दाखल्यांवर "हिंदू मांग" किंवा "हिंदू महार" असे होते, पण त्या तिन्ही घरी दोन-तीन पिढ्या बाप्तिस्मा झालेला. वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयातल्या गृहस्थांनी तो दाखला हातात घेऊन विचारले, "मग तुम्ही नक्की कोण?" विचारण्यात कुत्सितपणा नव्हता, त्यांना खरोखरच रकान्यात काय टिपावे ते समजत नव्हते. शेवटी पाळकसाहेबांच्या सहीशिक्क्याचा बाप्तिस्म्याचा दाखला आणि साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र जोडून दोघींचे अर्ज मान्य झाले. तिसरीने दुसऱ्या दिवशी येऊन आपला अर्ज परत मागितला. तिचा मुलगा वसतिगृहात शिकतो, त्याची शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या दाखल्यावर आहे, आणि आईने कुठेतरी "ख्रिस्ती" असे लिहून दिले तर मुलाचे काय होईल याची तिला रात्रभर झोप आली नव्हती. मी तिला काहीच म्हटले नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते. तिची जागा दुसऱ्या वाडीतल्या एका मुलीला मिळाली.

माझी अडचण नावाची होती. दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचे, आणि दोन्ही जोडणारा कागद म्हणजे विवाहाचा दाखला. आमचे लग्न चर्चमध्ये, भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, १८७२ नुसार परवाना असलेल्या पाळकांनी लावलेले आहे आणि त्याचा रीतसर दाखला माझ्याकडे आहे. पण खिडकीवरच्या कारकुनाला ग्रामपंचायतीचाच दाखला माहीत होता. दुसऱ्या खेपेला मी त्या अधिनियमाचे नाव कागदावर लिहून नेले आणि वरिष्ठांना भेटले, तेव्हा दोन मिनिटांत काम झाले. चर्चमध्ये लग्न झालेल्या बहिणींनी आपल्या दाखल्याच्या दोन-तीन साक्षांकित प्रती आधीच करून ठेवाव्यात. त्या पुढे बँकेतही लागतात.

वर्ग १७ जानेवारी २०२४ ला, बुधवारी सुरू झाला. वेळ अकरा ते दोन, रविवार सुट्टी. शुल्क नव्हते, पण फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे, हे मुद्दाम सांगते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे म्हणून जाऊन-येऊन ४० रुपयांत भागले, तरी महिन्याला हजार रुपये झालेच. कात्री, टेप, खडू, ब्राऊन पेपर, सुया, दोरे आणि सरावाचे कापड मिळून सहा महिन्यांत माझे ३,२०० रुपये गेले. प्रवासभत्ता मिळेल असे पहिल्या दिवशी सांगितले होते, तो कुणालाच मिळाला नाही, आणि विचारले की "वरून आलेला नाही" एवढेच उत्तर येई. वीस जणींना नऊ मशीन होती, त्यांतली सात चालू. म्हणून आम्ही पाळी लावली आणि ज्यांची पाळी नसे त्यांनी कागदावर कटिंग करायचे, असा नियम शिकवणाऱ्या मॅडमनी केला. तो नियम आमच्या पथ्यावर पडला. मशीन चालवणे पंधरा दिवसांत हाताला आणि पायाला बसते. कापणे मात्र सहा महिन्यांतही पुरते बसत नाही, आणि शिवणकामातले पैसे कापण्यात आहेत.

पहिले चार दिवस दोरा न ओवता नुसते पायडल मारायचे होते. ऐकायला सोपे वाटते, पण पाय थोडा चुकला की चाक उलटे फिरते, आणि दोरा ओवलेला असेल तर तो शटलमध्ये गुंतून तुटतो. पाचव्या दिवशी जुन्या वहीच्या कागदावर बिनदोऱ्याच्या सुईने रेघेवरून टाके मारले. मी मुलांच्या वह्यांतल्या तिरक्या रेघांवर अकरा वर्षे लाल शाईने शेरे लिहिले होते, आणि आता माझीच रेघ सापासारखी गेलेली पाहून मॅडम काही न बोलता पुढे सरकल्या. त्या वयाने माझ्याहून नऊ वर्षांनी लहान होत्या. त्यांना "मॅडम" म्हणायला मला पहिला आठवडा जड गेला, हे कबूल करते.

ब्लाउजचे माप शिकताना घडलेली गोष्ट मात्र मी विसरणार नाही. मॅडमनी फळ्यावर लिहिले: छाती ३६, तिचा चौथा भाग ९, त्यात शिलाई आणि मोकळीक धरून दीड इंच, म्हणजे साडेदहा. ज्यांना भागाकार येत होता त्यांनी लिहून घेतले. आमच्यातल्या सर्वांत थोरल्या मावशी, ज्या कधी शाळेत गेल्या नाहीत आणि ज्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी केली, त्या फळ्याकडे पाहतच राहिल्या. मी त्यांच्याजवळ जाऊन भागाकार समजावू लागले, ३६ चे निम्मे अठरा, अठराचे निम्मे नऊ. त्यांनी माझे बोलणे अर्ध्यावर थांबवले, टेप ३६ वर चिमटीत धरला, त्याची घडी घातली, पुन्हा एकदा घडी घातली, आणि चौघडीचे टोक कागदावर टेकवून तिथे खडूने खूण केली. मग बोटाच्या पेराने दीड इंच पुढे सरकून दुसरी खूण केली. मॅडमनी त्यांचा टेप घेऊन खूण तपासली. बरोबर होती. ३७ छातीला, जिथे आम्हा शिकलेल्यांचे सव्वानऊ की साडेनऊ असे घोटाळे होत, तिथेही मावशींची चौघडी बिनचूक यायची. पुढच्या तुकडीपासून मॅडम तेच शिकवतात असे ऐकले.

याच मावशींचा अंगठा मात्र यंत्राला पटत नसे. हजेरी बायोमेट्रिक होती, आणि खुरप्याने, भांड्यांच्या राखेने झिजलेल्या बोटांवरच्या रेषा यंत्र वाचत नव्हते. त्यांच्या नावापुढे पहिल्या महिन्यात नऊ दिवस गैरहजेरी लागली, आणि हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसता येणार नव्हते. हात साबणाने धुऊन, कोरडे करून, किंचित तेल लावून पुन्हा लावून पाहणे, सकाळऐवजी दुपारी लावणे, दहाही बोटे आळीपाळीने लावून कोणते चालते ते लिहून ठेवणे, असे सगळे आम्ही केले. अखेरीस फेब्रुवारीत आधार केंद्रावर जाऊन त्यांचे ठसे नव्याने घेतले, तेव्हा उजव्या हाताची करंगळी चालू लागली. ज्यांचे हात कष्टाचे आहेत त्यांनी वर्गाची वाट न पाहता हे काम आधीच करून घ्यावे.

मार्चच्या मध्याला लोकसभेची आचारसंहिता लागली. वर्ग चालू राहिला, पण कार्यालयातली माणसे निवडणुकीच्या कामाला गेली आणि नादुरुस्त दोन मशीनच्या दुरुस्तीचा कागद जूनपर्यंत हलला नाही. आमच्याकडे मतदान १३ मे रोजी होते. त्या आठवड्यात वर्गाच्या खोलीतच मतदान केंद्र आल्यामुळे चार दिवस सुट्टी मिळाली, आणि आम्ही तिघी जणींनी ते चार दिवस माझ्या घरी, चुलतसासूबाईंच्या जुन्या मशीनवर, गळ्याची पट्टी लावण्यात घालवले. गळ्याला पट्टी उरेब कापावी लागते, म्हणजे कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला तिरकी. सरळ कापलेली पट्टी गोलाईवर वळत नाही, चुण्या पडतात. पुस्तकात वाचून हे मला समजले होते. हाताला समजायला अकरा गळे वाया घालवावे लागले.

अभ्यासक्रमाबद्दल माझी एक तक्रार आहे. पहिले साडेचार महिने झबले, टोपडे, दुपटे, लहान मुलांचे फ्रॉक आणि परकर यांत गेले, आणि ज्याला गावात बारमाही मागणी आहे ते अस्तराचे ब्लाउज शेवटच्या सहा आठवड्यांत उरकले. फॉल-पिको आणि जुने कपडे सैल-घट्ट करणे, ज्यातून रोजचे चाळीस-पन्नास रुपये सुटतात, ते शिकवलेच नाही. मजुरी किती घ्यावी, हा तर विषयच नव्हता. आमच्या आजीच्या पिढीला नगरच्या बोर्डिंगमध्ये शिवण, विणकाम, भरतकाम शिकवत. तिच्या हातचा क्रोशाचा रुमाल अजून आमच्या घरी आहे, आणि त्या कामाचे तिने कधी कुणाकडून चार आणे घेतल्याचे मी ऐकलेले नाही. शिवण येणे हे सुशील मुलीचे लक्षण समजले जाई, धंदा नव्हे. याला मोठा अपवाद पंडिता रमाबाईंचा. १८९६-९७ च्या दुष्काळात आलेल्या निराधार स्त्रियांना त्यांनी केडगावला (दौंड तालुक्यातले केडगाव, आमच्या नगरजवळचे नव्हे) आसरा दिला, आणि तिथे विणकामापासून छपाईपर्यंतची कामे पोट भरण्याच्या हिशेबाने शिकवली. रविवारच्या शाळेत आम्हाला बायबलातल्या दुर्कसची गोष्ट सांगतात, जिने विधवांसाठी अंगरखे शिवले. ती मेल्यावर त्या विधवांनी ते कपडे प्रेषित पेत्राला रडत दाखवले. गोष्ट सुंदर आहे. पण दुर्कसला कापड कोण पुरवत होते, हा प्रश्न मला वर्गात बसल्यापासून पडू लागला.

कारण माझे पहिले काम असेच गेले. जूनमध्ये मंडळीतल्या एका कुटुंबाने नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी पांढरा झगा शिवून मागितला. मी चांगले केंब्रिक, म्हणजे तलम सुती कापड, आणले, खालच्या घेराला बारीक चुण्या घातल्या, गळ्याला आणि बाह्यांना नाजूक लेस लावली, आणि दोन रात्री जागून तो पुरा केला. विधीच्या दिवशी सगळ्यांनी कौतुक केले, आजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, आणि पैशाचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही. कापड आणि लेस मिळून ३१० रुपये माझ्या पदरचे गेले. घरी यजमानांनी विचारले, "किती दिले?" मी म्हटले, "आशीर्वाद." ते हसले नाहीत.

दुसरी फजिती माझ्या अज्ञानाची. वर्ग चालू असतानाच शेजारच्या एका वहिनींचे अस्तराचे ब्लाउज घेतले. मापे अचूक, टक्स सारखे, हुक-पट्टी सरळ. त्या नेसून खूश होऊन गेल्या. आठ दिवसांनी ब्लाउज घेऊन परत आल्या. पहिल्याच धुण्यात सुती अस्तर आटले होते आणि वरचे सिंथेटिक कापड तसेच राहिल्याने संपूर्ण पुढचा भाग फुगून चुरगळला होता. अस्तराचे कापड कापण्याआधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचे असते, हे मॅडमनी सांगितले होते, मी वहीत लिहिलेही होते, आणि घाईत केले नव्हते. मी नवे कापड आणून ते पुन्हा शिवून दिले. आता माझ्याकडे तारेवर नेहमी दोन-चार अस्तरे वाळत असतात.

परीक्षा २६ जुलैला झाली. बाहेरगावचे परीक्षक दहाला येणार होते, ते एकला आले, आणि तोवर आम्ही डबेही उघडले नाहीत. तोंडी प्रश्न साधे होते: सुईचा कोणता नंबर कोणत्या कापडाला, टाका वरून सैल पडला तर काय कराल, बॉबिन केसचा स्क्रू कशासाठी. प्रात्यक्षिकात दिलेल्या मापाचे ब्लाउज कागदावर काढून, कापून, चार तासांत शिवायचे होते. माझी उजवी बाही डाव्या मुंढ्याला लागली, उसवून पुन्हा लावण्यात वीस मिनिटे गेली आणि हुक लावायचे राहिले. थोरल्या मावशींनी तीन तासांत पूर्ण करून, वर बसल्या जागी तुकड्यांतून एक टोपडेही शिवले. आम्ही वीसच्या वीस उत्तीर्ण झालो. प्रमाणपत्र हातात यायला नोव्हेंबर उजाडला, आणि त्यावर माझ्या नावात एक काना जास्त होता. दुरुस्तीला पुढचे सात आठवडे.

प्रमाणपत्राची वाट पाहत न बसता मी ऑगस्टमध्येच पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत नाव नोंदवले. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेतल्या अठरा व्यवसायांत शिंप्याचा व्यवसाय आहे, आणि ही योजना धर्मावर किंवा जातीवर नाही, हे आमच्यातल्या पुष्कळ जणींना माहीत नसते. एका कुटुंबातून एकाच व्यक्तीला लाभ मिळतो आणि सरकारी नोकरदाराच्या घरातल्यांना मिळत नाही. नोंदणी सीएससी केंद्रावर, म्हणजे सरकारी कामांचे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रावर, होते. आधार, त्याला जोडलेला मोबाइल, शिधापत्रिका आणि बँक खाते लागते, आणि नोंदणीला शुल्क नाही. माझ्याकडून २०० रुपये मागितले, मी वाद घातला आणि ५० वर सुटले. ते ५० सुद्धा द्यायला नको होते. त्या दिवसांत लाडकी बहीण योजनेची इतकी गर्दी होती की केंद्राबाहेर पहाटेपासून चपलांची रांग लागे, आणि मला तीन दिवस हेलपाटे घालावे लागले.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. "मोफत शिलाई मशीन योजना" असा एक अर्ज मोबाइलवर सतत फिरत असतो, आणि आमच्या वर्गातल्या चौघींनी त्यासाठी कुणा एजंटाला प्रत्येकी ३०० रुपये दिले होते. केंद्र सरकारची त्या नावाची योजना नाही, असा खुलासा पीआयबीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या, तथ्यतपासणी विभागाने केलेला आहे. पैसे अर्थातच परत आले नाहीत.

अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत, दुसरी जिल्ह्याला आणि तिसरी त्यावरच्या समितीत होते. ग्रामपंचायतीतली पायरी सप्टेंबरअखेर झाली. ग्रामसेवकांनी घरी येऊन मशीन पाहिले आणि विचारले, "तुम्ही तर शिक्षिका ना?" मी त्यांना ऑर्डरींची वही दाखवली, तेव्हा त्यांनी मान डोलावली. ऑक्टोबरच्या १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि पुन्हा सगळे थंडावले. जानेवारी २०२५ मध्ये प्रशिक्षणाचा निरोप आला. सहा दिवसांच्या त्या प्रशिक्षणात शिवण्यापेक्षा मोबाइलवर पैसे कसे घ्यावेत, बिल कसे लिहावे, मशीनची निगा कशी राखावी यावर भर होता, आणि सहा महिन्यांच्या वर्गात जे सुटले होते ते मला तिथे सापडले. रोजचे ५०० याप्रमाणे विद्यावेतनाचे ३,००० रुपये जमा झाल्याचा संदेश आला, पण पासबुकात काही दिसेना. बँकेत चौकशी केल्यावर कळले की खात्याला आधार "जोडणे" वेगळे आणि सरकारी पैसे कोणत्या खात्यात यावेत यासाठी ते "सीड" करणे वेगळे. माझे सीडिंग बंद पडलेल्या शाळेच्या पगाराच्या खात्यावर होते आणि पैसे मुकाट्याने तिथे जाऊन बसले होते. ते खाते पुन्हा चालू करायला दोन खेपा घालाव्या लागल्या. आपले सीडिंग कोणत्या बँकेत आहे हे अर्ज करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे व्हाउचर आहे. त्यातले मशीन मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात टपालाने आले. पोस्टमनकाका आणि यजमान यांनी मिळून खोके पडवीत आणले. एक लाखापर्यंतचे कर्जही पाच टक्के व्याजाने मिळत होते, पण ते अठरा महिन्यांत फेडायचे म्हणजे दरमहा पावणेसहा हजारांच्या आसपास हप्ता. तेव्हा माझी महिन्याची कमाई साडेतीन हजार होती. मी कर्ज घेतले नाही. ज्या मैत्रिणीने घेतले ती दुकान बाजारपेठेत टाकू शकली, आणि तिचे बरे चालले आहे, म्हणून माझा निर्णय सगळ्यांना लागू आहे असे नाही.

जूनमध्ये मी पुठ्ठ्यावर दर लिहून पडवीत लावले: साधे ब्लाउज १६०, अस्तराचे ३२०, फॉल-पिको ७०, परकर ९०, बाप्तिस्म्याचा झगा कापडासह ६५०. लिहायला दहा मिनिटे लागली आणि टांगायला चार दिवस. पहिल्या आठवड्यात मंडळीतल्या दोघी जणी पुठ्ठा वाचून काहीच न बोलता परत गेल्या. त्यांतली एक महिन्याने पुन्हा आली. थोरल्या मावशींनी मला एक युक्ती सांगितली, जी त्या स्वतः वापरतात: माप घेतानाच, टेप अजून गळ्यात असताना, दर सांगून टाकायचा; कपडा शिवून झाल्यावर सांगायला गेले की जीभ जड होते. मी आता तसेच करते. छाती, कंबर, उंची, मुंढा, बाही, मग दर, आणि मग तारीख, या क्रमाने सगळे वहीत एकाच ओळीत लिहिते.

आमच्या समाजाचा हंगाम दुहेरी आहे, हे सवडीने लक्षात आले. दिवाळीचे काम गावातल्या सगळ्यांचे येते, आणि ते उरकते न उरकते तोच नाताळ. नाताळला आमच्याकडे प्रत्येक घरात थोरापोरांना नवे कपडे लागतात, शिवाय डिसेंबर-जानेवारीत लग्ने, म्हणजे नवरीची पांढरी साडी, तिच्यावरचे ब्लाउज, डोक्यावरची जाळी आणि पुढे फुले घेऊन चालणाऱ्या मुलींचे झालरीचे फ्रॉक. जाळीला मोत्यांची किनार कशी लावावी हे कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. ते मला पाळकीणबाईंनी त्यांची स्वतःची, बत्तीस वर्षांपूर्वीची जाळी उलगडून दाखवले. त्या जाळीचा मी कागदावर नमुना काढून ठेवला आहे, ज्या कुणाला हवा असेल तिने येऊन उतरून घ्यावा.

या नाताळासाठी १० डिसेंबरनंतर काम घ्यायचे नाही असे ठरवले आहे. काल वहीत एक्केचाळिसावे नाव लिहिले. त्यांतल्या तिघींकडून मागचे पैसे यायचे आहेत, आणि त्या तिघींत एक माझी सख्खी नणंद आहे.